रागाला हात

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी नव्यानं सांगायला नको. सत्तरी उलटली तरी तो काही तिथून हललेला नाही. कालच बाजारात एकीनं सडका बटाटा पिशवीच्या तळाशी सरकवला, तर तिला असं काही सुनावलं की शेजारच्या तिघींनी गपचूप आपापल्या टोपल्या चाळल्या. आणि अशा बाईला आमच्या गावानं सहा वर्षं सबुरी केलं होतं. हसा खुशाल, मीही हसते.

गाव म्हणजे खाणवस्ती. वायरापुंकू, म्हणजे वाऱ्याचं दार. ते दार कुणी कधी लावलंच नाही. पत्र्याची छपरं, त्यांवर वारा उडवेल म्हणून ठेवलेले दगड, एकासारखी एक दोन खोल्यांची घरं, आणि दिवसातून तीनदा होणारा भोंगा. त्या भोंग्यावर आम्ही उठायचो, भात टाकायचो, पोरांना मारायचो. आता इथं खाली कोचाबांबा शहरात हवा गोड आहे, लिंबाची झाडं आहेत, डॉक्टर म्हणतात छाती सुधारली. पण अजून दुपारी दोनला माझे कान टवकारतात. वेडेपणा आहे, पण आहे.

तर कार्निव्हलच्या सोमवारी आमच्या चौकात सात पापांचा खेळ व्हायचा. सात पापं शिंगांचे मुखवटे घालून नाचत यायची. मिगेल देवदूत एकेकाला पुढं बोलवून विचारायचा, "तू कोण?" पापानं आपलं नाव सांगायचं. मग त्याच्यासमोर त्याचा सद्गुण उभा राहायचा. गर्वासमोर नम्रता, लोभासमोर दानत, मत्सरासमोर माया, रागासमोर सबुरी. सद्गुण म्हणजे आम्ही मुली, पांढऱ्या झग्यात. वेताच्या काठीनं शिवलं की पाप आडवं. मोठ्या शहरातही हा खेळ होतो, तिथं शेवटी देवदूत पापांना नरकात हाकलतो. आमच्याकडे तसं करून चालत नसे, कारण गुरुवारी पहिल्या पाळीला त्यांना खाणीत उतरायचं असायचं. म्हणून आमच्या जुन्या माणसांनी वेगळी रीत घातली होती. सगळी पापं आडवी झाली की प्रत्येक सद्गुणानं आपल्या पापाला हात द्यायचा, उठवायचं, आणि म्हणायचं, "ऊठ. घरी जा." एवढंच वाक्य. मग पापानं मुखवटा काढायचा आणि पुन्हा माणूस व्हायचं.

आणि हात नाही मिळाला तर? तर ते पापच राहायचं. दुसऱ्या कुणी उठवलेलं चालत नसे. ज्याचा त्याचा सद्गुण, आणि तोही चार माणसांदेखत. माझ्या आजीच्या लहानपणी एका आळसाला हात मिळाला नव्हता. त्याच्या सद्गुणाचा त्याच्याशी ठरलेला साखरपुडा मोडला होता म्हणे. तो बिचारा पुढं ढोरासारखा राबला, पण मरेपर्यंत गाव त्याला आळसच म्हणायचं. आजी ही गोष्ट सांगायची आणि आम्ही पोट धरून हसायचो. तेव्हा हसायला काय लागत होतं.

मला सबुरी का केलं, तर बूट. सबुरीचे पांढरे बूट ओरुरो शहरातून आणलेले, एकच जोड, आणि तो लहान निघाला. सोळा वर्षांच्या सगळ्या पोरींनी घालून पाहिला, गेला फक्त माझ्या पायात. आई म्हणाली, "या पोरीला सबुरी? देवा, तुझं तूच बघ." आणि राग कोण? तर ताता मेलितोन. ताता म्हणजे बाबा, मोठ्या बाप्याला आम्ही तसंच म्हणायचो. तोही स्वभावावरून नव्हे, मानेवरून. रागाचा मुखवटा सर्वांत जड होता, वर तीन तोंडांचा साप, डोळ्यांच्या जागी बल्ब. तो पेलायला बैलासारखी मान हवी. ती गावात एकट्या मेलितोनची होती.

त्याच्याइतका गरीब माणूस मी पुन्हा पाहिला नाही. वाटेत कुत्रं झोपलेलं असलं तर वळसा घालून जायचा. बायको ओरडली की म्हणायचा, "बरोबर आहे तुझं." खाणीत तो माणसं खाली-वर नेणाऱ्या पाळण्याचं यंत्र चालवायचा. खालून घंटेचे टोले यायचे, एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली, तीन म्हणजे वर. त्या टोल्यांवर दिवसाला तीनशे माणसं तो खाली सोडायचा आणि वर काढायचा. दारू शिवायचा नाही. म्हणायचा, "मला मोजायचं असतं."

पण मुखवटा चढला की बघावं. "मी राग. मी आलो की आई लेकराला ओळखत नाही." असा गरजायचा की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या घागऱ्यांत शिरायची. मी काठी लावायची, तो धाडकन पडायचा. आणि सगळं गाव श्वास रोखून बघत असताना मुखवट्याच्या आतून हळूच विचारायचा, "पोरी, बूट चावत नाहीत ना?" मला हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची. पाच वर्षं हे असं चाललं. पाच वर्षं मी त्याला हात दिला, त्याचा तळवा खरबरीत आणि उबदार असायचा, आणि तो घरी गेला.

मग माझा भाऊ रुफिनो गेला.

सप्टेंबरातली गोष्ट. रुफिनो खाली तळाशी घंटा द्यायच्या कामावर होता. सव्वीस वर्षांचा, गिटार वाजवणारा, लाडका. बाप नव्हता आम्हाला, तोच घरचा कर्ता. त्या सकाळी पाळणा वर निघाला तेव्हा तो अर्धा आत, अर्धा बाहेर होता. पुढचं मी सांगणार नाही. वर आणला तेव्हा चघळायच्या कोकापानांची पिशवी मुठीत घट्ट होती, तेवढं मी पाहिलं.

कंपनीची चौकशी बसली. मेलितोन उभा राहिला आणि म्हणाला, "टोले मी चुकीचे मोजले. एकच टोला होता, मी तीन ऐकले. चूक माझी." दुसरा शब्द नाही. त्याला यंत्रावरून काढलं आणि वर ढिगाऱ्यावर बायकांबरोबर दगड फोडायला बसवलं. विधवा बायकांचं काम ते. बाप्यानं तिथं बसायचं म्हणजे केवढी नामुष्की. मला वाटलं, एवढ्यानं काय होतं. मी त्याच्या नावानं बोटं मोडली. तो रस्त्यानं दिसला की थुंकायचे. होय, थुंकायचे. त्यानं पाच महिन्यांत एकदाही मान वर केली नाही, आणि मला वाटायचं, कशी करेल, चोराच्या मनात चांदणं.

फेब्रुवारीत कार्निव्हल आला. लोकांना वाटलं, या वर्षी राग दुसरा कुणीतरी होईल. पण मेलितोननं खाणीच्या माउलीपुढं सहा वर्षांचा नवस बोललेला, त्याचं एक वर्ष उरलं होतं. माझंही तेवढंच. देवदूत व्हायचा तो तेओफिलो पाववाला, पोट सुटलेलं, निळ्या डोळ्यांचा मुखवटा. तो आदल्या दिवशी आमच्या दारात आला. म्हणाला, "सेनोबिया, जमेल ना तुला?"

"जमेल की," मी म्हटलं.

"म्हणजे शेवटचंही?"

"तेओफिलो, तुझा पाव जळतोय बघ."

तो गेला. माझं मात्र ठरलं होतं.

सोमवारी ऊन लख्ख होतं आणि वारा कानशिलं कापत होता. चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. आई पुढं काळा शेला घेऊन बसलेली. गर्व पडला, लोभ पडला. मग रागाला बोलावलं. "तू कोण?" मेलितोन म्हणाला, "मी राग. मी आलो की आई लेकराला ओळखत नाही." त्या वर्षी तो गरजला नाही. साधं सांगितल्यासारखं बोलला, आणि एकही पोर घाबरलं नाही. मी काठी लावली नाही, हाणली. तो पडला. मी कान देऊन होते. बुटांचं विचारलं असतं तर, खरं सांगते, मी तिथंच त्याच्या मुखवट्यावर लाथ घातली असती. त्यानं काही विचारलं नाही.

सातही आडवे झाले. मुली एकेक करून वाकल्या. ऊठ, घरी जा. ऊठ, घरी जा. गर्व उठला आणि आपला नेहमीचा सुतार झाला. लोभ उठला, त्याच्या लेकीनं त्याला मिठी मारली. माझी पाळी आली. मेलितोननं रीतीप्रमाणे उजवा हात वर केला होता. मी त्या हाताकडे बघितलं. एक बोट ठेचलेलं होतं, दगड फोडून नख काळं पडलेलं. मी काठी खाली टाकली, पाठ फिरवली आणि चालायला लागले.

कुणी मला अडवलं नाही. बऱ्याच जणांना ते बरोबरच वाटलं असणार. पावलागणिक मला वाटत होतं, रुफिनो बघतोय आणि खूश आहे. चौकाच्या टोकाशी वळून पाहिलं, तर हात अजून वरच होता.

सूर्य कलेपर्यंत तो तसा पडून राहिला म्हणतात. मग स्वतःच उठला, मुखवटा काढून तेओफिलोच्या हातात दिला आणि गेला. त्या घटकेपासून त्याचं नाव गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई काळे सुकवलेले बटाटे भिजत घालत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं समाधान?"

"झालं."

"मग बस खाली आणि ऐक. रुफिनो त्या दिवशी पहाटेपर्यंत प्यायला होता. कुणाच्या तरी पोराचं बारसं होतं."

"कोण म्हणतं असं?"

"मी म्हणते. दार मी उघडलं त्याला. मीच त्याचं तोंड धुतलं, मीच ढकलून कामावर पाठवलं, खाडा नको म्हणून." आई बटाटे दाबत होती, पाणी काळं होत होतं. "तीन टोले त्यानंच दिले. मग पानांची पिशवी खाली पडली म्हणून वाकला. तळाशी बरोबर होता त्यानं मला आणि मेलितोनला गुपचूप सांगितलं. मेलितोन दोनशे मीटर वर, त्याला काय दिसणार? त्यानं टोले बरोबर मोजले. बरोबर तीन."

"मग तो चौकशीत असं का बोलला?"

"पिऊन मेलेल्या माणसाच्या घरच्यांना कंपनी महिन्यात घराबाहेर काढते, विसरलीस? चौकशीच्या आदल्या दिवशी तो इथं चुलीपाशी येऊन बसला. म्हणाला, 'बासिलिया, तुम्ही काही बोलायचं नाही. मला फार तर दगड फोडायला बसवतील. दगड बरे असतात, ओरडत नाहीत. तुम्ही आणि पोर या थंडीत जाणार कुठं?'"

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुझ्या जिभेला हाड आहे का गं? तू चौकात उभं राहून बोंबलली असतीस, आणि आपण दोघी रस्त्यावर. काल मला वाटलं, रीत आहे, देईल हात. मला काय माहीत तू रीतही मोडशील." आणि मग तिनं शेल्याच्या पदरानं नाक पुसलं. "आता तुझं तू बघ. मी काही सांगणार नाही."

आता कुणीही म्हणेल, मग जायचं होतंस धावत. चार माणसं बोलवायची, त्याच्या अंगणात त्याला आडवं व्हायला सांगायचं आणि हात द्यायचा. रीतीत ते बसत होतं. मी स्वतःला सांगायचे, लोक विचारतील अचानक का, मग सगळं बाहेर येईल, घर जाईल. पण ते निमित्त होतं. खोटं कशाला बोलू या वयात? मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचा मला संताप येत होता. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली मी.

तीनदा गेले. पहिल्यांदा त्याची बायको कपडे वाळत घालत होती, तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी परत फिरले. दुसऱ्यांदा कुंपणावर पाव ठेवून पळून आले, तो कुत्र्यांनी खाल्ला. तिसऱ्यांदा तो स्वतःच बाहेर आला. दगडाची पूड भुवयांवर बसलेली. म्हणाला, "काय गं पोरी, काही हवंय?"

मी म्हटलं, "मीठ आहे का?"

आत गेला आणि मूठभर मीठ कागदात बांधून घेऊन आला. म्हणाला, "आईला सांग, ओलसर आहे, जरा जपून घालायचं." खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मी ते मीठ सूपात घातलं, प्यायले, आणि गप्प बसले. पुढच्या वर्षी सबुरीचे बूट परत केले. सांगितलं, चावतात.

आणि गाव त्याला राग म्हणू लागलं. सुरुवातीला लोकांना जड गेलं, मग सवय झाली. सवय कशाची होत नाही. सकाळी तो ढिगाऱ्याकडे निघाला की पोरं ओरडायची, "राग आला, राग आला." तो खिशातून भाजलेले मक्याचे दाणे काढून वाटायचा. कुणाचा पतंग फाटला की रागाकडे. कुणाची शेळी अडली की रागाला बोलवा. बायका तान्ह्या पोराला रागाच्या मांडीवर टाकून नळावर जायच्या. चारपाच वर्षांत अशी गंमत झाली की जी पोरं नंतर जन्मली त्यांना तो शब्द दुसऱ्या अर्थानं माहीतच नव्हता. आमच्याकडे म्हणच पडली होती, "रागासारखा गरीब."

शहरातून नवीन बाई आल्या शाळेवर. पाप-पुण्याचा धडा शिकवताना एका पोराला विचारलं, "राग म्हणजे काय?" पोरगं उभं राहून म्हणालं, "राग म्हणजे दगड फोडणारे आजोबा. ते खळ लावून पतंग चिकटवून देतात." बाईंनी त्याला आगाऊ म्हणून कोपऱ्यात उभं केलं. मग दुसऱ्याला विचारलं, तिसऱ्याला विचारलं. सगळा वर्ग तेच. "आणि सबुरी म्हणजे काय?" बाईंनी कंटाळून विचारलं. वर्गातल्या एका पोरीनं म्हणे सांगितलं, "सबुरी म्हणजे ती दारात उभी राहून ओरडणारी सेनोबिया."

ही गोष्ट गावात हसून हसून सांगितली जायची. मलाही तोंडावर सांगितली. मी हसले आणि घरी येऊन दार लावून रडले. ते घर. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, आणि प्रत्येक विटेवर त्या माणसाचे उपकार. आई त्याच घरात शेवटपर्यंत उबेत झोपली. मरतानाही तिनं विषय काढला नाही, फक्त एकदा म्हणाली, "दार बंद कर, वारा येतोय," आणि माझ्याकडे असं बघितलं की मी नजर चुकवली.

पंच्याऐंशी साली कथलाचा भाव पडला, खाण बंद झाली. महिन्याभरात गाव उठलं. पत्रेसुद्धा काढून घेऊन गेले लोक. मला मिळाला शेवटचा ट्रक, बिऱ्हाडं, शेळ्या, पलंग, म्हाताऱ्या, सगळं एकावर एक. फळी उंच होती. मी गाठोडं वर फेकलं आणि चढायला गेले, तर घागरा अडकला, पाय घसरला. वरून एक हात आला. काळं पडलेलं नख मी ओळखलं.

मी धरला तो हात. काय करणार, ट्रक सुरू झाला होता. त्यानं मला वर ओढून घेतलं, म्हणाला, "सांभाळून," आणि पुढं होऊन आणखी कुणाला तरी हात दिला. नऊ तासांचा रस्ता. तो माझ्यापासून दोन पलंग सोडून बसला होता, कुणाचं तरी पोर मांडीवर घेऊन. पोर म्हणत होतं, "राग, गाव दिसतंय का अजून?" तो म्हणत होता, "दिसतंय. तो बघ भोंग्याचा खांब." मला बोलता आलं असतं. ट्रकात चार काय, चाळीस माणसं होती. मी बोलले नाही. कोचाबांबात उतरलो आणि तो मुलीकडे अर्जेंटिनात गेल्याचं नंतर कळलं.

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं गेली. नवरा केला, पुरला, मुलं वाढवली. वायरापुंकूची माणसं इथं शहराच्या दक्षिणेला धुळीत एकमेकांच्या आसपासच वसली, आणि दर कार्निव्हलला फुटबॉलच्या मैदानावर सात पापांचा खेळ अजून होतो. मुखवटे आता हलके आले आहेत, बल्बऐवजी लुकलुकणारे दिवे. मी नातींना वाक्यं पाठ करून देते. "ऊठ. घरी जा." एवढं चांगलं शिकवते की विचारू नका.

गेल्या कार्निव्हलला मैदानावर पोचले, तर पहिल्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत, गुडघ्यांवर घोंगडी, ताता मेलितोन. मुलीनं परत आणलं होतं, शेवटचं गाव बघायचं म्हणून. गाव म्हणजे आता आम्हीच. मान वाळून दोरीसारखी झाली होती. पन्नाशीतले बाप्ये त्याच्याभोवती गर्दी करून आपल्या पोरांना सांगत होते, "हा बघ, हा राग. मी सांगायचो ना? हाच." आणि तो खिसे चाचपून दाणे शोधत होता.

खेळ झाला. पापं पडली, मुलींनी हात दिले, सगळे उठले. टाळ्या संपायच्या आत मी उठले आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले.

"ताता मेलितोन," मी म्हटलं. ते नाव ऐकून आजूबाजूचे दोघेतिघे वळले.

त्यानं डोळे बारीक केले. "कोण?"

"सेनोबिया. बासिलियाची."

त्याचा चेहरा उजळला हो. मला वाटलं होतं तो तोंड फिरवेल, निदान गप्प बसेल. म्हणाला, "अगं पोरी. बूट चावत नाहीत ना?"

मी म्हटलं, "माझा हात द्यायचा राहिलाय तुम्हाला."

"अगं, मला आता आडवं केलंस तर उठवायला पाळणा आणावा लागेल." लोक हसले. तोही हसला. "राहू दे. काय बिघडलं?"

राहू दे. एवढी वर्षं राहूच दिलं होतं ना. मी शेला काढला, जमिनीवर अंथरला, आणि त्याच्या पायांशी आडवी झाले. बायका धावल्या. कुणी म्हणालं, चक्कर आली, पाणी आणा. "पाणी नको," मी म्हटलं. देवदूत होता तेओफिलोचा नातू, हातात पत्र्याची तलवार घेऊन घाबरून उभा. "अरे, बघतोस काय? विचार."

"काय विचारू, आजी?"

"इतका वेळ सगळ्यांना विचारत होतास तेच."

त्यानं तलवार सावरली. "तू कोण?"

"मी राग," मी म्हटलं. वरती आभाळ होतं, आणि माझा आवाज मलाच म्हातारा वाटला. "मी आले की आई लेकराला ओळखत नाही. माझा भाऊ रुफिनो त्या दिवशी प्यायलेला होता. तीन टोले त्यानंच दिले. या माणसानं टोले बरोबर मोजले होते, आणि आमचं घर जाऊ नये म्हणून चुकलो म्हणाला. मी त्याला हात दिला नाही. दुसऱ्याच दिवशी मला खरं कळलं, तरी दिला नाही. घराचं भय होतं हे खोटं. मला वाकायचं नव्हतं."

मैदानावर जुनी माणसं होती, दगडाच्या ढिगाऱ्यावर त्याच्या शेजारी बसलेल्या दोघी बायका होत्या. एकीनं शेला तोंडावर ओढून घेतला. रुफिनोचं नाव मी चारचौघांत खराब केलं, त्याचं दुःख झालंच मला. पण त्याचं नाव इतकी वर्षं दुसऱ्याच्या नावावर उभं होतं. मी उजवा हात वर केला आणि धरून ठेवला. खांदा दुखायला लागला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, सूर्य कलेपर्यंत म्हणजे किती वेळ.

खुर्ची करकरली. मुलगी म्हणाली, "बाबा, बसा, पडाल." काठीचा आवाज आला, एक, दोन, तीन. मग माझ्या डोळ्यांवर सावली पडली आणि तळव्याला तळवा लागला. तसाच खरबरीत. सबुरीचं वाक्य त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पाच वर्षं जमिनीवर पडून त्यानं ते ऐकलं होतं, आणि सहाव्या वर्षी त्याची वाट बघितली होती.

"ऊठ," ताता मेलितोन म्हणाला. "घरी जा."